भिंतीवरच्या पाच ओळी

स्वतःचा विषय स्वतः आखण्यासाठी ओडेटने केलेला अर्ज कॉलेजच्या समितीने परत पाठवला, ही बातमी बेदारांच्या घरात शनिवारी संध्याकाळी आली आणि रविवारी दुपारपर्यंत तिचे इतके तुकडे झाले की ज्याला जो हवा तो त्याने उचलला. तिच्या बापाने, आर्मंडने, 'परत पाठवला' एवढंच ऐकलं. आईने, लोरेनने, 'सोमवारी दुपारी बारापर्यंत पुन्हा पाठवता येईल' हे ऐकलं. झनीन आत्याने पत्र मागून घेऊन स्वतः दोनदा वाचलं. सव्वीस वर्षं गाव-कचेरीत क्लार्क असलेल्या बाईचा दुसऱ्याने सांगितलेल्या कागदावर विश्वास बसत नाही.

पत्र काही वाईट नव्हतं. 'तेरा अभ्यासक्रमांची यादी विचारपूर्वक केली आहे,' समितीने लिहिलं होतं, 'पण ही यादी आहे, विषय नव्हे. वनस्पतिशास्त्र आणि इतिहास शेजारी शेजारी बसवले आहेत, त्यांचं लग्न लागलेलं दिसत नाही. तुम्हाला नेमका कोणता प्रश्न पडला आहे, आणि तो आमच्या एकाही विभागात का सुटणार नाही, ते सांगा.'

झनीनला हे पत्र आवडलं. तिला वाटलं, आपणही असंच लिहिलं असतं. पण भाचीच्या बाजूने उभं राहायचं ठरवल्यावर समितीचं कौतुक तोंडाने करून चालणार नव्हतं.

हंगामाची शेवटची उकळ होती. मेपलच्या रसाचं गुऱ्हाळ सकाळपासून धडधडत होतं, छपरातून वाफेचा लोट निघत होता, आणि घरातली पाचही माणसं आत होती. बेदारांची सगळी मोठी भांडणं मार्च-एप्रिलमध्ये इथेच व्हायची, कारण इथून कुणाला रागाने उठून जाता येत नाही. पाठ फिरवली की काहील करपते.

"विषय आपला आपण बनवायचा, म्हणजे कॉलेज आहे की खानावळ?" चुलाणात ओंडका सारत आर्मंड म्हणाला. "थोडं हे वाढा, थोडं ते वाढा. त्यांनी चाळीस विषय करून ठेवलेत, त्यातला एकही बाईसाहेबांच्या मापाचा नाही."

"तुझ्या मापाचा तरी कुठे होता?" झनीन म्हणाली. "दोन महिन्यांत परत आलास."

"परत आलो म्हणून ही काहील चालू आहे, ताई."

"तेच म्हणते मी. तुलाही तयार माप बसलं नाही."

लोरेन फसकन हसली. ती एका परातीत बाहेरून घट्ट बर्फ भरून आणत होती. त्यावर गरम पाक ओतायचा, त्याच्या चिवट दोऱ्या काट्याने गुंडाळून खायच्या, वर आंबट काकडीचा तुकडा आणि सोबत डोनट. शेवटच्या उकळीला हे झालंच पाहिजे, मग घरात कुणी कुणाशी बोलत असो वा नसो.

"करार झाला होता," आर्मंड आता थेट लेकीकडे वळला. "समितीने नाही म्हटलं तर सरकारी कॉलेजात वनशास्त्र. घरून जाऊन-येऊन. बोल, झाला होता की नाही?"

"झाला होता, बाबा," ओडेट म्हणाली. "पण समितीने नाही म्हटलेलं नाही. नीट सांग म्हटलंय. आणि सोमवार अजून उजाडायचाय."

एकोणीस वर्षांची ती पोर उलट्या बादलीवर बसली होती. नाकाला काजळी, मांडीवर वही, आणि तोंड उत्तरेच्या भिंतीकडे. सकाळपासून ती भिंतीवरून काहीतरी उतरवून घेत होती. भाची घाबरलेली आहे का, हे झनीन मघापासून न्याहाळत होती. नव्हती. घाबरण्याचं काम तिने इतरांवर सोपवलं होतं.

त्या पाइनच्या फळ्यांवर एकोणीसशे अडतीसपासून दरसाल एक ओळ होती, शिसपेन्सिलीने लिहिलेली. पहिली उकळ कोणत्या तारखेला झाली, झाडांच्या बुंध्याशी बर्फ किती होतं, वारा कुठला होता. आधी झनीनच्या आजोबांचं, फिलियासचं, तिरकं अक्षर, मग तिच्या वडिलांचं, ओरीलचं, ठसठशीत. आता धुता येणाऱ्या भिंती हव्यात असं पाकाचा नवा खरेदीदार म्हणतो म्हणून जूनमध्ये आर्मंड त्यावर पांढरा पत्रा ठोकणार होता. त्यावरूनही एक भांडण होऊन गेलं होतं, आणि ते कुणी जिंकलं नव्हतं.

ब्याऐंशी वर्षांचा ओरील काहिलीच्या टोकाशी, लोरेनच्या जुन्या स्कूलबसमधून काढून आणलेल्या बाकड्यावर बसला होता. तो पाकाकडे बघत होता.

"पेपेर," ओडेट म्हणाली. आजोबांना ती बोलायला लागल्यापासून हेच म्हणायची. "एक विचारू?"

"तू न विचारता कधी राहिलीस?"

"एकाहत्तर सालची ओळ. दोन मार्च. खालच्या धरणावर तापमानाची वही असते, ती मी बघून आले. त्या सबंध आठवड्यात बर्फाचा एक थेंब वितळला नव्हता. झाडं गोठलेली असली की रस येत नाही. मग दोन मार्चला उकळलं काय?"

झनीनच्या हातातला काटा हातातच राहिला. अठ्ठेचाळीस वर्षं या प्रश्नाची तिने वाट बघितली होती, आणि आला तो असा, डोनट खाताना.

"ओडेट," आर्मंडचा आवाज चढला. "आजोबांना खोटं पाडतेस? तुझ्या त्या अर्जापायी? गावातली माणसं या भिंतीवरून पैजा लावतात."

"मी विचारतेय, बाबा. आणि एकच नाही. एकाहत्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याण्णव, दोन हजार पंधरा. आणि यंदाची."

"यंदा मी स्वतः होतो इथे. पाच मार्चला..." आर्मंड अडखळला. "पेटवली होती."

"पाच मार्चला तू ट्रकखाली आडवा होतास," लोरेन परात खाली ठेवत म्हणाली. "मी सकाळी बस घेऊन निघाले तेव्हा ट्रकखाली, परत आले तेव्हाही ट्रकखाली. मधल्या वेळात फक्त शिव्या बदलल्या होत्या."

"लोरेन."

"काय लोरेन? उकळ चौदा तारखेला झाली. मला पंधरा सालापासून हे कळतंय. मला वाटायचं, फक्त मलाच कळतंय."

आर्मंडने टोपी काढून डोकं खाजवलं. "मला चौऱ्याण्णवपासून," तो पुटपुटला.

म्हणजे एकाच घरात एकच गुपित प्रत्येकाने आपापल्या कपाटात ठेवून वर कुलूप लावलं होतं. झनीनला हसू आलं, पण आता तिचं कपाट उरलं होतं. गप्प बसता आलं असतं. ओडेटने तिच्याकडे पाहिलंही नव्हतं. पण गावातल्या जन्म-मृत्यूच्या, जमिनीच्या, कुत्र्यांच्या परवान्यांच्या नोंदीवर शिक्का मारणारी बाई आपल्याच घरच्या नोंदीला मान खाली घालणार असेल, तर तिने तो शिक्का परत द्यावा.

"एकाहत्तरची ओळ माझ्या अक्षरात आहे," ती म्हणाली. "मी बारा वर्षांची होते."

"गावसभा दोन मार्चला होती," झनीनने सुरुवात केली. "दरवर्षी मार्चचा पहिला मंगळवार. फिलियास आजोबा सीमेपलीकडच्या फ्रेंच मुलखातून इथे आले तेव्हा गावकरी म्हणायचे, हे फ्रेंच लोक आळशी, चार पोती बटाटे लावतील आणि वर्षभर चर्चमध्ये बसतील. म्हणून आजोबांनी हट्ट धरला. गावसभेच्या दिवशी बेदारांच्या काहिलीखाली आग पाहिजे, आणि सभेच्या जेवणात पहिला नवा पाक आपल्या घरचा. तीस-पस्तीस वर्षं जमलं. देवाची कृपा, दुसरं काय. एकाहत्तरला बर्फ खिडक्यांच्या वर गेलं होतं. आणि आजोबा अंथरुणाला खिळलेले. सकाळपासून विचारत होते, आग पेटली का, ओरील?"

ती वडिलांकडे वळली. ते पाकाकडेच बघत होते.

"पपांनी गेल्या वर्षीचा पाक काढला. त्यात पाणी घातलं आणि पुन्हा उकळला. धूर निघाला, वाफ निघाली, आजोबांनी खिडकीतून पाहिली. मग पपांनी मला पेन्सिल दिली, कारण त्यांचा हात चालेना. घडा घेऊन सभेला गेले. आणि सगळा गाव चाखून काय म्हणाला माहीत आहे? म्हणाले, ओरील, यंदाचा पाक अगदी गेल्या वर्षीसारखाच झालाय."

लोरेनने तोंडावर हात घेतला, पण हसू फुटलंच. मग ओडेटला फुटलं. आर्मंड हसायचं नाही म्हणून दुसरीकडे बघत होता, आणि त्या गडबडीत कुणाचंच काहिलीकडे लक्ष राहिलं नाही. फेस उसळून कडेशी आला. ओरीलने बसल्या जागेवरून शेजारच्या वाटीतला लोण्याचा खडा उचलला आणि टाकला. फेस मुकाट्याने खाली बसला.

"हसा," तो म्हणाला. "पण काहिलीला पाठ करू नका. आर्मंड, झारा घे."

आर्मंडने झारा घेतला.

"पेपेर, अजून एक," ओडेट म्हणाली. ती उठून भिंतीपाशी गेली आणि बोटाने दाखवू लागली. "ब्याऐंशी ओळी आहेत. सत्त्याहत्तर ओळींत तारखेपुढे बर्फ आहे, वारा आहे. 'गुडघाभर, पश्चिमेचा.' 'वीतभर, वायव्येचा, जोरात.' या पाच ओळींत तारखेपुढे काहीच नाही. मला आधी वाटलं पुसलं गेलं. पुसलेलं नाही. लिहिलंच नाही. का?"

झनीनला एकदम आठवलं. बारा वर्षांच्या त्या मुलीने तारीख लिहून पेन्सिल तशीच धरली होती आणि विचारलं होतं, वारा काय लिहू? पपा म्हणाले होते, पुरे. तिला तेव्हा वाटलं होतं, रागावले आपल्यावर. इतकी वर्षं तेच वाटत होतं.

ओरीलने पळीत पाक घेऊन तिरका धरला, तो कडेवरून पडद्यासारखा लोंबतो का पाहिलं. अजून लोंबत नव्हता.

"तारीख माझ्या घरातली," तो म्हणाला. "तिचं बरंवाईट मी करीन. वारा माझ्या घरचा नाही."

ओडेटने वही उघडली आणि भराभरा लिहायला लागली.

"संपलं म्हणायचं," आर्मंड झारा फिरवत म्हणाला, पण त्यात मघासारखा जोर नव्हता. "पुरावाच खोटा निघाला. आता समितीला काय दाखवणार?"

"उलट, बाबा. आत्ता कुठे सुरू झालं." तिने मान वर केली नाही. "हे बघा. ही भिंत वनस्पतिशास्त्राच्या बाईंना दाखवली तर त्या धरणाच्या वहीशी ताडून बघतील, पाच ओळी चुकीच्या म्हणून खोडतील आणि पुढे जातील. त्यांना गावसभेशी काय देणंघेणं? इतिहासाच्या सरांना दाखवली तर ते फिलियास पणजोबांवर सुंदर निबंध लिहितील. पण त्यांना झाड कधी गोठतं हे माहीत नाही, म्हणून पाच ओळी खोट्या आहेत हे त्यांना कळणारच नाही. दोघं वेगवेगळे बसले तर ही भिंत कुणालाच वाचता येत नाही. हाच माझा प्रश्न. माणसं ऋतूंची नोंद कशी ठेवतात, कधी आणि कशासाठी बदलतात, आणि बदललेल्या नोंदीतून खरा ऋतू कसा शोधायचा. अशा भिंती या डोंगरात घरोघरी आहेत. गहू पिकवणाऱ्यांच्या कोठारांत असतील, मासेमारांच्या होड्यांवर असतील. त्या वाचायला शिकवणारा विषय कॉलेजात नाही. म्हणून मला तो बांधायचाय."

झनीनने मनात म्हटलं, लागलं लग्न. अक्षता टाकायच्या तेवढ्या राहिल्या.

"नाव काय ठेवणार?" लोरेनने विचारलं.

"ऋतू आणि त्यांच्या नोंदी."

"आणि असं शिकून पोट भरतं?" आर्मंडने विचारलं. हा त्याचा शेवटचा बाण होता, आणि तो त्याने सवयीने सोडला.

"तुम्ही खरेदीदाराला सांगता ना, आमचा हंगाम आता बेभरवशाचा झालाय, करार मार्चपासून नको? तो पुरावा मागतो. तुमच्याकडे काय आहे? ही भिंत. ती कुणी वाचून द्यायची?"

आर्मंडने झाऱ्यावरचा फेस बादलीत झटकला.

"पण एक अडचण आहे," ओडेटचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला. ती आजोबांसमोर उकिडवी बसली. "हे अर्जात लिहायचं तर या पाच ओळी नावानिशी लिहाव्या लागतील. समिती वाचेल. पुढेमागे ते छापलंही जाईल. तुम्ही नको म्हणालात तर मी लिहिणार नाही, पेपेर."

"मग काय लिहिशील?"

"काही नाही. वनशास्त्र करीन. वाईट नाही तेही."

ती हे सरळ तोंडाने म्हणाली, पण तिने वहीची कड किती घट्ट धरली होती ते झनीनला दिसलं. आर्मंडलाही दिसलं. त्याला हवं होतं तेच लेकीने ताटात वाढून दिलं होतं, आणि आता ते त्याच्या घशाखाली उतरेना.

"पपा," तो म्हणाला, "पोरीला ताटकळत ठेवू नका."

ओरीलने मुलाकडे पाहिलं. "पुढच्या गावसभेत मी कुठल्या तोंडाने बसू?"

"याच," लोरेन म्हणाली. "अकरा महिने आहेत. तोवर गाव बोलायला दुसरं कुणीतरी शोधेल. नाहीतर मी शोधून देईन, बस चालवते मी, मला सगळं कळतं."

म्हाताऱ्याच्या मिशीखाली काहीतरी हललं. मग तो भिंतीकडे वळला. झनीनला वाटलं, नाही म्हणणार. त्याच्या जागी ती असती तर तीही नाही म्हणाली असती. आयुष्यभर ताठ मानेने जगलेल्या माणसाकडे त्याच्या पाचच वाकड्या गोष्टी मागणं काही सोपं नव्हतं.

"झनीन," तो म्हणाला. "तुझ्या कचेरीत नोंद चुकली तर काय करता? खोडता?"

"खोडायला परवानगी नाही, पपा. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते, आणि सही. ज्या दिवशी दुरुस्त केलं त्या दिवसाची तारीख."

ओरीलने शर्टाच्या खिशातून पेन्सिल काढली. ती नेहमी तिथेच असायची, चाकूने तासलेली, चपटी, सुताराची.

"मग कर," तो म्हणाला. "तुझ्यापासून सुरू कर. तुझं अक्षर आहे."

झनीन भिंतीपाशी गेली. त्या मुलीचं अक्षर किती नीटनेटकं होतं. तिने 'दोन मार्च' वर एक रेघ ओढली आणि थांबली. "खरी तारीख?"

"सत्तावीस मार्च," ओरील मागून म्हणाला. त्याने आठवायलाही वेळ घेतला नाही. "छातीइतकं बर्फ. आणि वारा लिही. पश्चिमेचा, दुपारनंतर पडलेला."

तिने लिहिलं. खाली सही केली, झनीन बेदार, आणि आजची तारीख. हजारो कागदांवर तिने ती सही केली होती, या भिंतीवर पहिल्यांदाच. तिने पेन्सिल परत दिली.

ओरील बाकड्यावरून उठला. आर्मंड आधार द्यायला पुढे आला, तर म्हाताऱ्याने त्याला डोळ्यांनी काहिलीकडे परत पाठवलं. मग एकेक करून उरलेल्या चारही ओळी त्याने स्वतः दुरुस्त केल्या. प्रत्येकीचं बर्फ त्याला पाठ होतं. प्रत्येकीचा वाराही. इतकी वर्षं त्याने ते कुठे ठेवलं होतं कोण जाणे. यंदाच्या ओळीपाशी आल्यावर त्याने मान वळवली.

"आर्मंड. चौदा तारखेला वारा नैऋत्येचा होता ना?"

"दक्षिणेचा, पपा. दुपारी फिरला."

"हं," ओरील म्हणाला, आणि तसंच लिहिलं.

पाक तयार झाला होता. पळीच्या कडेवरून तो रुंद पडद्यासारखा लोंबला, आणि सगळ्यांनी एकदम आपापल्या जागा घेतल्या. बर्फावर दोऱ्या पडल्या. आर्मंडने लेकीला पहिला काटा दिला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "पत्रा तीन भिंतींना लावीन. चौथीचं खरेदीदाराला काय सांगायचं ते तू लिहून दे. तुझाच विषय आहे म्हणे."

सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला. बुधवारी झनीन कचेरीत एका शेतकऱ्याच्या तीन कुत्र्यांचे परवाने लिहीत असताना फोन वाजला.

"मंजूर, आत्या," ओडेट म्हणाली. तिच्या मागे कुठेतरी दारं आपटत होती, पोरं हसत होती.

झनीनने पेन खाली ठेवलं. "काही विचारलं?"

"एकच. अर्जात दोन प्राध्यापकांची नावं मार्गदर्शक म्हणून लागतात. मी तिसरं घातलं होतं. ओरील बेदार, शिक्षण आठवीपर्यंत. अध्यक्षबाई म्हणाल्या, यांची पात्रता काय, ती लिहायची राहिली आहे."

"मग?"

"मी म्हटलं, सबंध आयुष्यात या माणसाने पाच वेळा तारीख खोटी लिहिली, वारा एकदाही नाही. त्यांनी तेच लिहून घेतलं."

समोरचा शेतकरी काउंटरवर बोटं वाजवत होता. झनीनने त्याला हाताने थांब म्हटलं, खिडकी उघडली आणि बाहेर बघितलं. वारा पश्चिमेचा होता. संध्याकाळी ही बातमी सांगताना पपा वाराही विचारतील, तिला माहीत होतं.